संगणकाचे घड्याळ आणि मुरगूडचा सूर्य

संगणकाला वार-तारीख ठाऊक नसते. लिनक्स प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद तेवढे मोजते; प्रोग्रामने घड्याळ बदलायचे म्हणजे ही संख्या बदलायची. सी भाषेतील ‘सेटटाइमऑफडे’ हे फंक्शन ते करते, पण व्यवस्थापकाचा अधिकार असेल तरच. मला ही अट रास्त वाटते, कारण घड्याळ मागे गेले की आजची नोंद कालच्या नोंदीआधीची ठरू शकते.

मात्र सेकंदांना हात न लावताही दाखवायची वेळ बदलता येते. ग्रीनिच वेळेत १९,८०० सेकंद मिळवले की भारतीय प्रमाणवेळ येते. ती १९०६ पासूनची. तरी मुंबईत ३९ मिनिटे मागची ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालली. आपल्या मुरगूडचा सूर्यही सुमारे ३३ मिनिटे मागेच आहे. माझी आजी ‘कासराभर दिवस वर आला’ म्हणते ती ही वेळ. प्रोग्रामात ती दाखवायला साधारण १७,८२० सेकंद मिळवावे लागतील.