ट्रेंडलाइनखालचं क्षेत्रफळ

मनू, तुझी एक्सेल शीट बघितली गं. उत्तर प्रयोगाशी जुळेना म्हणून तू सिम्प्सनच्या नियमावर खापर फोडलंस आणि पट्ट्या वाढवत सुटलीस. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तू दिलेल्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ तो इमानाने मोजतो. तो कर्व्ह खरंच इथेनॉल-पाण्याचा आहे का, हे बघणं तुझं काम.

रॅलेचं १९०२ सालचं समीकरण तुला पाठ आहेच. डिस्टिलेशननंतर भांड्यात किती उरलं हे काढायला १/(य − क्ष) चं इंटिग्रेशन करायचं. क्ष म्हणजे द्रवातला इथेनॉलचा मोल-अंश, य वाफेतला. टेबलात मोजके बिंदू होते, तू त्यांतून सहाव्या डिग्रीचं पॉलिनॉमियल नेलंस आणि आर-स्क्वेअर एकाजवळ आला म्हणून खूश झालीस. पण आपल्या कामात नुसता य कुठे येतो? येतो तो दोघांतला फरक, आणि तोही छेदात! क्ष ०.१ च्या आसपास असताना हा फरक ०.३४ आहे, तिथे फिट ०.०१ ने हुकला तरी तीनेक टक्क्यांवर भागतं. क्ष ०.७५ जवळ मात्र फरक उरतो जेमतेम ०.०३४. तिथे य तोच ०.०१ ने कमी आला की १/(य − क्ष) चे २९ चे जवळजवळ ४२ होतात. आर-स्क्वेअरला याचा पत्ताही नसतो.

त्यात तू गुणांक ग्राफवरच्या लेबलवरून हाताने उतरवलेस, हो ना? तिथे गोल केलेले आकडे दिसतात. सहाव्या डिग्रीत मोठमोठी अधिक-उणे पदं एकमेकांना खोडतात, मग शेवटी उरणाऱ्या चिमूटभर फरकाची वाट लागते. एक्सेलचं लाइनेस्ट फंक्शन वापर, पूर्ण आकडे मिळतील.

खरं तर पॉलिनॉमियलला य च्या मागे लावूच नकोस. तीन गोष्टी आपल्याला आधीच ठाऊक आहेत: क्ष शून्य असताना, एक असताना, आणि नेहमीच्या वातावरणीय दाबाला ०.८९४ च्या अझिओट्रोपवर (य − क्ष) हा फरक शून्य होतो. तुझ्या ट्रेंडलाइनला हे कोण सांगणार? म्हणून प्रत्येक बिंदूला क्ष(१ − क्ष)(०.८९४ − क्ष) या गुणाकाराला (य − क्ष) ने भाग. मी करून बघितलं. ०.०२ जवळ ०.११ येतात, ०.१ जवळ ०.२, मध्यावर ०.६५, ०.७५ जवळ ०.८१. किती शहाण्यासारखं चढतंय बघ! याला तिसरी डिग्री पुरते. मग हा कर्व्ह भागिले तो गुणाकार, हेच तुझं १/(य − क्ष). छेद भलत्याच जागी शून्य होण्याची भीती गेली, आणि आंशिक अपूर्णांक केलेस तर उत्तर कागदावरसुद्धा निघतं. सरांना सिम्प्सन हवाच असेल तर तोही दाखव, दोन्ही जुळतील. फक्त मर्यादा पहिल्या-शेवटच्या बिंदूंच्या आतच ठेव. त्याबाहेर कर्व्ह काय वाटेल ते बोलतो.

पुढे थर्मोमध्ये उष्माधारितेची नासाची पॉलिनॉमियल्स येतील. तिथे बहुतेक वायूंसाठी २०० ते १००० केल्विनला एक कर्व्ह आणि १००० ते ६००० ला दुसरा असतो. ८०० ते १५०० इंटिग्रेट करायचं असेल तर १००० वर तोडायचं, दोन तुकडे वेगळे करून बेरीज घ्यायची. सांधा पट्टीच्या मधोमध आला की सिम्प्सनची अचूकता ढासळते, पट्ट्या कितीही बारीक केल्यास तरी ती सावकाशच सुधारते. प्रत्येक तुकडा चौथ्या डिग्रीचा, त्यामुळे गाउसचे तीन बिंदूसुद्धा तंतोतंत उत्तर देतात.

आणि डिस्टिलेशनचं ते दहा दशांश स्थळांचं उत्तर जर्नलमध्ये लिहू नकोस, टेबलच मुळी तीन-चार आकड्यांचं आहे. त्यापेक्षा असं कर: एकेक बिंदू गाळून पुन्हा फिट कर, पुन्हा इंटिग्रेट कर, आणि उत्तर किती हलतं ते टिपून ठेव. व्हायव्हात चूक किती असं विचारलं तर पट्ट्यांची गोष्ट काढू नकोस, हा आकडा सांग.