तेलाचा डबा किती दिवस पुरतो? तारीख लिहून ठेवा



एकरी खत किती, पंपाला औषध किती मिली, हे आपण मोजून टाकतो. पण घरात तेल-मीठ किती जातं, ते कुणी मोजत नाही. "आम्ही रानात राबतो, आम्हाला काय होतंय" या भरवशावर राहू नका. बीपी वाढलेलं बऱ्याचदा अंगावर दिसत नाही, आतल्या आत हृदयावर ताण येत राहतो. म्हणून आजचा सल्ला पिकाचा नाही, तुमच्या ताटाचा आहे.

*१) तेल:* माणशी दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा चार महिने पुरायला पाहिजे. दोन महिन्यांतच संपत असेल तर तेल दुप्पट चाललंय. लाकडी घाण्याचं असलं तरी मोजूनच वापरा. भाजीवर तर्री आलीच पाहिजे, हा हट्ट सोडा. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

*२) मीठ:* जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचाभर. या हिशोबाने पाच जणांत १ किलोचा पुडा ४० दिवस तरी जावा. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठ वेगळं, म्हणून पुडा त्याहून जास्त पुरला तर उत्तम. ठेच्यात मीठ कमी, लिंबू जास्त. ताटात वरून मीठ घेऊ नका.

*३) बाजारातलं:* आठवडी बाजारातून येताना शेव-फरसाण, खारी, टोस्ट घरी येतात. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि हंगामी फळं आणा. सीताफळ, पेरू तर आपल्या भागातच मिळतात.

*४) आपल्या रानातलं:* बाजरी-ज्वारीची भाकरी, तूर, मूग, मटकी, मेथी, शेपू, अंबाडी रोजच्या जेवणात ठेवा. यातल्या चोथ्याने कोलेस्टेरॉल आटोक्यात राहायला मदत होते. जवसात ओमेगा-३ असतं. जवस भाजून, कुटूनच खा, अख्खे दाणे न पचता तसेच निघून जातात. रोज चमचाभर चटणी पुरे.

*५) रब्बीत:* मका-कांद्याच्या धांदलीत घरच्यासाठी पेरायचं राहून जातं. ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याच्या कडेने करडई आणि जवसाच्या चार-चार ओळी पेरा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी कुसुम' हे करडईचं वाण आपल्या मराठवाड्यासाठीच आहे. करडईची कोवळी भाजीही खाता येते.

*हे लक्षात ठेवा:*
• तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासून घ्यावी. बायामाणसांनीही.
• बीपीची गोळी चालू असेल तर आहार सुधारला म्हणून मनाने बंद करू नका.
• तंबाखू, विडी सोडल्याशिवाय नुसत्या आहाराने हृदय वाचत नाही.
• छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर "पित्त झालं" म्हणून सोडा पीत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. कन्नडहून संभाजीनगर तासाभराच्या पुढंच आहे, घरी घालवलेला वेळ परत मिळत नाही.

*आजचं काम:* तेलाच्या डब्यावर आणि मिठाच्या पुड्यावर आजची तारीख लिहा. संपेल त्या दिवशी हिशोब करा. आणि हा मेसेज घरात स्वयंपाक करणाऱ्यांना नक्की वाचून दाखवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, कन्नड