झुल्याची दोरी, गांठ आणि खुंटी



शिबिरांत दोन झाडांमध्यें कापडाचा झुला टांगून त्यांत निजणें ही मोठी सुखाची गोष्ट आहे. जमीन ओली असो कीं खडकाळ, भय विंचवाचें असो कीं मुंग्यांचें, झुल्यांत निजणारा त्या सर्वांपासून हातभर उंच असतो. परंतु हें सुख सर्वस्वीं दोन दोऱ्या व त्यांच्या गांठी ह्यांवर लोंबत असतें. आणि पुष्कळदां गांठ मारणारा एक व निजणारा दुसराच असतो. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा न समजतां त्याचा धड्याप्रमाणें अभ्यास करणें इष्ट आहे.

ह्या झुल्यास 'हॅमॉक' म्हणतात. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. वेस्ट इंडीज बेटांतील तायनो लोकांच्या 'हमाका' ह्या शब्दावरून तो स्पॅनिश भाषेंत व तेथून इंग्रजींत आला. १४९२ सालीं कोलंबस त्या बेटांवर उतरला, तेव्हां तेथील लोकांचे बिछाने सुताच्या जाळ्यांसारखे आहेत असें त्यानें आपल्या रोजनिशींत नमूद केलें. पुढें १५९७ सालीं इंग्लंडच्या आरमारानें खलाशांकरितां टांगत्या बिछान्यांस मान्यता दिली. गलबत कितीही कलंडलें तरी टांगता बिछाना सरळ लोंबतो, हा त्याचा मोठा गुण.

आपल्या देशांतही अशी युक्ति अपरिचित नाहीं. शेतांत कामास आलेली आई झाडाच्या फांदीस लुगड्याची झोळी बांधून तींत तान्हें मूल निजविते. पण झोळी व हॅमॉक ह्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. झोळीचीं दोन्हीं टोंकें वर एकाच ठिकाणीं बांधलेलीं असल्यामुळें फांदीच्या दोरीवर वजनाइतकाच भार पडतो. हॅमॉकच्या दोऱ्या मात्र दोन बाजूंस तिरप्या जातात, आणि तिरप्या दोरीवरील ताणाचा नियम निराळा आहे. गांठी शिकण्यापूर्वीं हा नियम समजून घ्यावा.

दोरी क्षितिजसमांतर रेषेशीं जो कोन करिते त्याच्या साइनची दुप्पट करावी, व तिनें वजनास भागावें; म्हणजे प्रत्येक दोरीवरील ताण निघतो. ६० किलो वजनाचा मुलगा झुल्यांत निजला आहे असें समजा. कोन ३० अंशांचा असेल तर प्रत्येक दोरीवर ६० किलोंचा ताण येईल. १५ अंशांस तो सुमारें ११६ किलो होईल, १० अंशांस १७३ किलो, आणि ५ अंशांस ३४४ किलो. मुलगा तोच, झुला तोच. केवळ दोरी ताठ केल्यामुळें ताण जवळ जवळ सहापट झाला! पाठ सपाट राहावी म्हणून अनेकजण झुला वीणेच्या तारेसारखा ताणून बांधतात. तो दिसण्यांत मजबूत दिसतो. वास्तविक तोच सर्वांत धोक्याचा. ज्यांस शंका असेल त्यांनीं प्रयोगशाळेंत दोन स्प्रिंगकाट्यांच्या मध्यें २ किलोंचें वजन टांगून काटे हळूहळू दूर न्यावे व आंकडे वाचावे. वहींतील सूत्रापेक्षां तें दृश्य अधिक ध्यानांत राहील.

३० अंशांचा कोन मोजण्यास कंपासपेटी नको. अंगठा व तर्जनी काटकोनांत पसरून तर्जनी क्षितिजसमांतर व अंगठा उभा धरावा. दोहोंच्या टोंकांस जोडणारी रेषा सुमारें ३० अंशांची असते. दोरीचा उतार त्या रेषेशीं जुळला म्हणजे झालें. असा सैल झुला पाठीस वांकवील अशी भीति बाळगूं नये. त्यांत थोडें तिरकें निजलें असतां पाठ सपाट राहते.

आतां आधाराविषयीं. झाड जिवंत, घट्ट मुळांचें व निदान वीतभर जाडीचें असावें. शेवग्यासारखें ठिसूळ झाड टाळावें. वर वाळलेली फांदी अगर नारळाचा घड नाहीं हें मान वर करून पाहावें. दोन झाडांमध्यें १२ ते १५ फूट अंतर सोईचें पडतें. विटांच्या किंवा दगडांच्या खांबास झुला केव्हांही बांधूं नये. असे खांब वरून येणारा भार सोसण्यास बांधलेले असतात. बाजूची ओढ त्यांस सोसत नाहीं. वरील उदाहरणांत ३० अंशांसही ही बाजूची ओढ ५२ किलो असते, व १० अंशांस १७० किलो. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत २०२० सालीं विटांचा असाच एक खांब कोसळून झुल्यांतील दोन बहिणी मृत्यु पावल्या. दोरी शाबूत राहिली तरी आधार दगा देऊं शकतो, हें ह्यावरून स्पष्ट होतें.

झाडास बारीक दोरी बांधली तर ती सालींत रुतते व सालीखालील जिवंत थरास इजा होते. म्हणून खाटेच्या नवारीसारखी रुंद पट्टी वापरावी. पट्टी पॉलिएस्टरची असल्यास उत्तम. नायलॉन भाराखालीं बरेंच लांबतें, व रात्रीं झुला जमिनीस टेकतो. पट्टीच्या एका टोंकास शिवलेला फांस असावा. पट्टी खोडाभोंवतीं फिरवून दुसरें टोंक त्या फांसांतून ओंवून ओढलें कीं ती घट्ट बसते. पट्टी व दोरी ह्यांची तुटण्याची मर्यादा अपेक्षित ताणाच्या निदान पांचपट धरावी. कारण माणूस झुल्यांत बसतांना धक्का देतो, आणि प्रत्येक गांठ दोरीचें बळ कमी करिते, कांहीं गांठी तर निम्म्यापर्यंत.

आतां गांठींकडे वळूं. आपल्या भाषेंत दोन सुरेख शब्द आहेत. एका ओढीनें सुटते ती सुरगांठ, आणि जी सोडवूं म्हटलें तरी सुटत नाहीं ती निरगांठ. झुल्यास नुसती सुरगांठ घातक आहे, व निरगांठ त्रासाची. सकाळीं ती कापावी लागते व दोरी वायां जाते. आपणांस पाहिजे ती भाराखालीं न सरकणारी, परंतु भार जातांच सुटणारी.

झुल्याच्या दोरीच्या टोंकास कायमचा फांस करण्यासाठीं 'बोलाइन' ही गांठ घ्यावी. दोरीच्या टोंकापासून हातभर अंतरावर लहानसा वेढा करावा. त्यांत टोंकाकडील दोरी वरच्या बाजूस असावी. टोंक वेढ्यांतून खालून वर काढावें, मुख्य दोरीच्या मागून वळसा देऊन पुन्हां त्याच वेढ्यांतून खालीं न्यावें, आणि गांठ नीट आवळावी. टोंक वीतभर शिल्लक ठेवावें. दोन दोऱ्या जोडून लांबी वाढविण्यास मात्र स्काउटांची आवडती 'रीफ नॉट' कधींही वापरूं नये. ती पट्टी किंवा गांठोडें बांधण्यापुरतीच आहे. क्लिफर्ड अ‍ॅश्ली ह्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या गांठींवरील आपल्या मोठ्या ग्रंथांत ह्या दुरुपयोगाविरुद्ध कडक इशारा दिला आहे.

झुला पट्टीस अडकविण्यासाठीं खुंटी वापरतात. तिला 'टॉगल' म्हणतात. ती बाभळीसारख्या टणक, वाळलेल्या लांकडाची, अंगठ्याएवढी जाड व चार-पांच बोटें लांब असावी. पट्टीस पाहिजे त्या जागीं एक वेढा करावा. झाडाकडून येणारी पट्टी वेढ्याच्या मागें ठेवून तिचा थोडा भाग वेढ्यांतून पुढें ओढावा, आणि त्या ओढलेल्या भागांत खुंटी आडवी सरकवून गांठ आवळावी. मग झुल्याच्या दोरीचा फांस खुंटीवरून पलीकडे, म्हणजे झाडाच्या बाजूस, पट्टीभोंवतीं चढवावा. हीच ह्या धड्यांतील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. फांस गांठीवर टेकला पाहिजे, खुंटीच्या टोंकांवर लटकतां कामा नये. खुंटीवर लटकला तर ती मोडेल किंवा निसटेल, व गांठ तत्काळ उलगडेल. तिचें काम भार वाहण्याचें नव्हे, गांठ राखण्याचें आहे. ती जणूं सुरगांठीवर बसविलेला पहारेकरी होय. सकाळीं फांस उतरवून खुंटी काढली कीं गांठ नाहींशी होते.

सर्व झाल्यावर प्रथम हातांनीं झुला खालीं दाबावा, मग पाय जमिनीवर ठेवून मध्यभागीं हळूच बसावें, आणि नंतरच पाय वर घ्यावे. बसल्यावर कापड जमिनीपासून दीड फुटाहून उंच नसावें. एका झुल्यांत एकानेंच निजावें. उभें राहणें किंवा जोरानें झोके घेणें सर्वथा वर्ज्य समजावें. निजण्यापूर्वीं दोन्हीं खुंट्या पुन्हां एकदां चांचपून पाहाव्या.

प्रेषित पौल दिमिष्क नगरांत असतां शत्रु त्याच्या जिवावर उठले, तेव्हां शिष्यांनीं त्याला रात्रीं टोपलींत बसवून तटावरून खालीं सोडलें, ही कथा तुम्हांस ठाऊक आहे. ती टोपली कोणीं बांधली हें शास्त्रांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. परंतु त्या अंधारांत पौलाचा जीव, आणि त्याच्या पुढील सर्व प्रवासांचें कार्य, कोण्या अनामिक माणसाच्या गांठीवर लोंबत होतें. पुढील शिबिरांत तुमच्या गांठीवर विश्वासून एखादा लहान मुलगा डोळे मिटून निजेल. त्याची ती निर्धास्त झोंप तुमच्या हातीं सोंपविलेली आहे, हें जाणून गांठ मारा.