आधी गढूळ पाणी, मग प्रशिक्षकाचे कार्ड

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस प्रवाशांसह वाहून गेल्या. पुढे कित्येक दिवस एनडीआरएफ, नौदल आणि तटरक्षक दलाची माणसे ते गढूळ, ओढीचे पाणी धुंडाळत होती. अशा पाण्यात उतरणाऱ्याला इंग्रजीत पब्लिक सेफ्टी डायव्हर म्हणतात. आपल्या बातम्यांत तो नुसता ‘पाणबुडा’ असतो. बुडालेल्याला शोधणे, मृतदेह वर आणणे, गुन्ह्यातले शस्त्र किंवा वाहन पुराव्याला धक्का न लागता बाहेर काढणे हे त्याचे काम. स्कूबाची गोडी लागलेली काही मुलेमुली आता या कामाचे प्रशिक्षक व्हायचे म्हणतात, आणि आईवडिलांपुढे दोन प्रश्न उभे राहतात: जीव धोक्यात जाणार का, आणि फी वाया जाणार का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. या क्षेत्रात प्रशिक्षक होणे ही नोकरीतल्या बऱ्याच वर्षांनंतरची पायरी आहे, आणि जो कोर्स तिला पहिली पायरी म्हणून विकतो त्याच्यापासून लांब राहावे.

हौशी डायव्हिंगची शिडी आधी समजून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. पॅडी या संस्थेचे ओपन वॉटर प्रमाणपत्र दहाव्या वर्षापासून मिळू शकते. त्यासाठी खुल्या पाण्यातले चार डाइव्ह करावे लागतात आणि प्रौढांसाठी १८ मीटरची मर्यादा असते. डाइव्हमास्टर व्हायला वयाची अठरा वर्षे पूर्ण लागतात आणि प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसण्यासाठी १०० डाइव्हची नोंद लागते. हौशी डायव्हर आणि त्यांचे प्रशिक्षक यांच्यासाठी आयएसओची २४८०१ आणि २४८०२ ही मानकेही आहेत. ही व्यवस्था तिच्या कामापुरती चोख आहे. तारकर्लीला, गोव्यात किंवा अंदमानात पर्यटकांना सुखरूप खाली नेऊन वर आणणारा प्रशिक्षक सन्मानाचे काम करतो. पण त्याच्या सगळ्या शिक्षणामागे तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: पाण्यात दिसते, शेजारी जोडीदार असतो, आणि हवामान बिघडले तर उतरायचे नाही. पुरानंतरच्या डोहात यातले एकही गृहीतक टिकत नाही. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही. शोध हाताने चाचपूनच घ्यावा लागतो. बहुधा एकच डायव्हर दोरीला बांधून उतरतो, काठावरचा टेंडर ती दोरी ढिली-ताठ करत त्याला कमानीसारख्या पट्ट्यांत फिरवतो आणि दोघांचे बोलणे दोरीच्या ठरलेल्या हिसक्यांनी चालते. मदतीचा दुसरा डायव्हर पूर्ण तयार होऊन काठावर बसलेला असतो. पाण्यात सांडपाणी किंवा इंधन मिसळले असेल तर पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा आणि अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट हवा, शिवाय बाहेर आल्यावर माणूस आणि साहित्य दोन्ही निर्जंतुक करावे लागते. प्रवाळ दाखवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली तो हे कोणाकडून शिकला असेल, हा प्रश्न विचारायलाच हवा.

या कामाचे शिक्षण अमेरिकेने बऱ्याच प्रमाणात लिखित स्वरूपात आणले, आणि तिथली घडण पाहिली की प्रमाणपत्राच्या कार्डाचे खरे मोल कळते. तिथल्या कामगार-सुरक्षा कायद्यात व्यावसायिक डायव्हिंगचे सविस्तर नियम आहेत, पण शासकीय यंत्रणेच्या नियंत्रणाखाली शोध-बचावासाठी होणारे डायव्हिंग त्यांतून वगळलेले आहे. त्यामुळे ही पोकळी व्यवसायाने स्वतः भरली. एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १००६ क्रमांकाच्या मानकाने बचावकर्त्याला, डाइव्ह-बचाव करणाऱ्यासह, नेमके काय करून दाखवता आले पाहिजे ते मांडले. शिकवण्याचे कौशल्य मात्र १०४१ या वेगळ्या मानकात आखले गेले. हे दोन कागद वेगळे असणे मला फार बोलके वाटते, कारण उत्तम पाणबुडा आपोआप उत्तम शिक्षक होत नाही आणि उत्तम वक्ता पाण्याखाली उपयोगाचा नसतो. दोन्ही अंगे तपासली तरच प्रशिक्षक घडतो. एनएफपीए स्वतः डायव्हरला प्रमाणपत्र देत नाही. कार्डे देतात ती ईआरडीआय किंवा डाइव्ह रेस्क्यू इंटरनॅशनलसारख्या संस्था, आणि कार्ड हाती असलेल्याला पाण्यात उतरवायचे की नाही हे त्याचे पोलीस किंवा अग्निशमन खाते ठरवते. शिवाय एकदा मिळवले की जन्मभर पुरले असेही नाही. आयएडीआरएस या बचाव-डायव्हरांच्या संघटनेची चाचणी दरवर्षी द्यायची असते: ५०० यार्ड पोहणे, स्नॉर्केल लावून ८०० यार्ड, पंधरा मिनिटे जागच्या जागी तरंगणे, आणि निपचित माणसाला १०० यार्ड ओढत नेणे. म्हणून कोणत्याही कोर्सला पहिला प्रश्न हाच विचारावा की तिथला प्रशिक्षक गेल्या वर्षभरात कुठल्या कसोटीला बसला.

यावर गावाकडून येणारा आक्षेप रास्त आहे. आमच्या नदीत पट्टीचे पोहणारे बिनकागदाचे उतरतात, गळ टाकतात, बुडालेला माणूस काढून देतात. मग ही मानके कशाला? त्या माणसांचे नदीचे ज्ञान कुठल्याही कोर्सात मिळत नाही आणि त्यांना मान व मोबदला दोन्ही मिळायला हवेत. पण एका दमात बुडी मारणारा छातीत हवा घेतो ती काठावरची. वर येताना ती मूळच्या आकारमानापेक्षा जास्त फुगत नाही. टाकीतून श्वास घेणाऱ्याचे तसे नसते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे टाकीतून भरलेला श्वास घाबरून रोखून तो वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटते. म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याच्या पाठीवर शिक्षणाविना टाकी बांधली, तर त्याचा धोका वाढतोच. दुसरी गोष्ट धरणांची, जी आपल्या राज्यात जागोजागी आहेत. दरवाजाच्या दोन बाजूंच्या पाण्यात ५ मीटरचा फरक असेल आणि खालून फूटभर लांबी-रुंदीचे तोंड उघडे राहिले असेल, तर त्यावर अडकलेल्या माणसाला साडेचारशे किलोंच्या आसपास जोर तिथे दाबून धरतो. कितीही ताकदीचा माणूस त्यातून सुटू शकत नाही. उतरण्याआधी दरवाजे आणि पंप बंद करून कुलूप लावायचे, ही शिस्त अनुभवातून आपसूक येत नाही, कारण हा अनुभव बहुतेकांना एकदाच येतो.

पालकांचा धोक्याचा प्रश्न इथेच सुटतो, निदान त्याला योग्य दिशा मिळते. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत जुलै २०१८ मध्ये अडकलेली मुले वाचली, पण हवेच्या टाक्या ठेवून परतणारे समन कुनन मरण पावले. ते थाई नौदलाच्या सील दलातले माजी जवान होते. एवढ्या तयारीचा माणूसही जाऊ शकतो, हे लपवून कोणी करिअर सुचवू नये. पण म्हणूनच चांगल्या प्रशिक्षकाच्या शिकवण्यात सर्वांत मोठा वाटा ‘कधी उतरायचे नाही’ याचा असतो. माणूस जिवंत असण्याची शक्यता असेपर्यंत घाईला अर्थ आहे. ती संपली की मृतदेहासाठी जिवंत डायव्हर पणाला लावायचा नाही. काठावर आक्रोश करणारे नातेवाईक आणि कॅमेरे समोर असताना हा नकार देणे कठीण असते. तो ठामपणा ज्याने स्वतः दाखवला आहे त्याच्याकडूनच तो शिकता येतो.

मग वाट कोणती? बहुतेक वेळा वर्दीतून. एनडीआरएफमध्ये थेट भरती नसते. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी यांसारख्या दलांतून जवान तिथे प्रतिनियुक्तीवर येतात, आणि एनडीआरएफची ५ वी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे येथेच आहे. नौदलाची डायव्हिंगची शाळा कोचीला आहे. अग्निशमनाकडे ओढा असलेल्यांसाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. दलात किंवा खात्यात दाखल झालेल्याचे डायव्हिंगचे प्रशिक्षण सरकारी खर्चाने होते आणि पगार डायव्हिंगवर अवलंबून राहत नाही. पण वर्दी मिळालीच नाही तर, असे कोणी विचारेल. तेव्हा पर्यटन-डायव्हिंग किंवा गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे जीवरक्षक प्रशिक्षण हे प्रामाणिक पर्याय आहेत. फक्त पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरचे डायव्हिंग बंद असते, हे उत्पन्नाच्या हिशेबात धरावे.

फी भरण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान आणि सायनस दाखवून घ्यावेत, आणि दम्याचा इतिहास असेल तर तो लपवू नये. मग प्रशिक्षकाकडे त्याची लॉगबुक पाहायला मागावी. दोरीला बांधून, शून्य दृश्यमानतेत, खात्याच्या कामावर केलेले किती डाइव्ह त्यात आहेत ते मोजावे. पाने उलटताना सगळीकडे निळे पाणी आणि प्रवाळच दिसले, तर हा माणूस मुलाला समुद्र छान दाखवील. डोहासाठी दुसरा शोधावा.