परिचर्या शिक्षणाची पूर्वतयारी : विषयांची निवड आणि शिक्षकांची पारख

रुग्णसेवेची ओढ असलेल्या मुलामुलींची आपल्या घराघरांत वाण नाही. वेल्लोर, लुधियाना, मिरज येथील मिशन रुग्णालयांची नावे ऐकत आपल्या अनेक पिढ्या वाढल्या, आणि परिचारिकेचा पेशा हा आपल्या समाजाच्या ओळखीचा, आदराचा पेशा झाला. तथापि ओढ असणे आणि तयारी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बारावीनंतर प्रवेशाचे अर्ज निघतात तेव्हा कित्येक पालक धावपळ करू लागतात. परंतु खरा निर्णय त्याच्या दोन वर्षे आधी, अकरावीचे विषय निवडताना, होऊन गेलेला असतो. त्या वेळी लागलेले दार पुढे कितीही इच्छा असली तरी सहजासहजी उघडत नाही. म्हणून दहावीच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी या विषयाचा शांतपणे अभ्यास करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

१. तीन वाटा आणि त्यांच्या अटी

परिचर्येच्या शिक्षणात शिरण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली ए. एन. एम., म्हणजे साहाय्यक परिचारिका व प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. दुसरी जी. एन. एम., म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येची तीन वर्षांची पदविका. तिसरी बी. एस्‌सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी.

पहिल्या दोन वाटा बारावी उत्तीर्ण झालेल्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुल्या आहेत, मात्र जी. एन. एम.साठी इंग्रजी विषय घेतलेला असावा व किमान ४० टक्के गुण असावेत. पदवीची अट अधिक कडक आहे. तेथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तिन्ही विषय बारावीला असावे लागतात, त्यांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. शिवाय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही म्हणून जी मुलगी कला शाखेला जाते, तिला पदवीचे थेट दार बंद होते. तसेच जो मुलगा विज्ञान शाखेला जाऊनही गणित ठेवतो आणि जीवशास्त्र सोडतो, त्याचीही तीच गत होते. कित्येकांना हे बारावीनंतर कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

परंतु निराश होण्याचे कारण नाही. कला शाखेची विद्यार्थिनी जी. एन. एम. पूर्ण करून, राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्यावर, पोस्ट बेसिक बी. एस्‌सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू शकते. वाट लांबची आहे, पण पदवीपर्यंत पोहोचविणारी आहे.

२. कोणता विषय कशासाठी?

अमेरिकेत नर्सिंगच्या पुष्कळ संस्था शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे विषय प्रवेशापूर्वीच स्वतंत्रपणे पूर्ण करून यावयास सांगतात. आपल्याकडे हे विषय अभ्यासक्रमातच अंतर्भूत आहेत. म्हणून आपल्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षेच होत. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सुधारलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रातच शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी व परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय येतात. पुढे जीवरसायनशास्त्र व आहारशास्त्र, त्यानंतर सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र. ज्याचा पाया कच्चा, त्याला पहिले सहा महिनेच डोईजड होतात.

‘नर्सला भौतिकशास्त्र कशाला?’ असे काही पालक विचारतात. शिरेतून सलाईन देताना बाटली उंचावर का टांगतात, रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये का मोजतात, छातीत साचलेले द्रव नळीने कसे बाहेर येते, या सर्वांचे उत्तर दाबाच्या धड्यात आहे. रसायनशास्त्राचेही तसेच. रुग्णाला देतात त्या सलाईनमध्ये एका लिटरला नऊ ग्रॅम मीठ असते. तेच प्रमाण का, हे द्रावणाचा धडा समजलेल्यालाच उमगते. जीवशास्त्राविषयी तर वेगळे सांगावयास नको. हृदयाचे चार कप्पे आणि मूत्रपिंडाचे कार्य ज्याने अकरावी-बारावीत मनापासून अभ्यासले, त्याला पुढील ग्रंथ परके वाटत नाहीत.

साधे अंकगणितही विसरू नये. समजा, ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. एकूण थेंब दहा हजार, मिनिटे दोनशे चाळीस. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हा हिशेब रात्री दोन वाजता, थकलेल्या डोळ्यांनी, बिनचूक करावा लागतो. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटींचे अंतर आहे. येथे चूक झाली तर उत्तरपत्रिकेतला गुण जात नाही, रुग्णाचा प्राण धोक्यात येतो.

राहिले इंग्रजी. औषधांच्या चिठ्ठ्या, रुग्णाच्या नोंदी आणि पाळी बदलताना सहकाऱ्याला द्यावयाची माहिती यांचे लेखन बहुधा इंग्रजीतच होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने न्यूनगंड बाळगू नये. परंतु विज्ञानातील प्रत्येक संज्ञा मराठीत समजून घेऊन इंग्रजीत लिहिण्याचा सराव अकरावीपासूनच करावा. अशा संज्ञांची स्वतःच्या हस्ताक्षरातील वही विकतच्या मार्गदर्शकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

३. दोन वर्षांचे नियोजन

अकरावीच्या पहिल्या सहामाहीत जीवशास्त्र व रसायनशास्त्र यांची पाठ्यपुस्तके प्रथम वाचून काढावीत. अकरावीचे वर्ष ‘विश्रांतीचे’ मानण्याची रूढी घातक आहे. शरीरशास्त्राचे कितीतरी पायाभूत प्रकरण त्याच वर्षी येतात. ज्या विषयाची भीती वाटते त्याला दिवसातली ताजी वेळ द्यावी, आवडता विषय सायंकाळी घ्यावा.

बारावीत मंडळाच्या परीक्षेबरोबर प्रवेशपरीक्षेचाही विचार करावा. परिषदेच्या आराखड्यानुसार ही परीक्षा शंभर गुणांची असून भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल यांना प्रत्येकी २० गुण आहेत. महाराष्ट्रात बी. एस्‌सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी घेतली जाते. सैन्यदलांच्या परिचर्या महाविद्यालयांसाठी नीट परीक्षेचे गुण पाहतात. महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात ठेवावी : शासकीय जागांसाठी बहुधा अधिवासाची अट असते. ‘आपण मूळचे महाराष्ट्राचे’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या राज्यात अर्ज करावयाचा हे अकरावीतच ठरवून त्या राज्याचे नियम व दाखले पाहून ठेवावेत. नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

४. शिक्षकांची पारख

एकच विषय एका शिक्षकाकडे गोड होतो आणि दुसऱ्याकडे ओझे होतो. तेव्हा महाविद्यालय अथवा शिकवणी वर्ग निवडताना इमारत आणि जाहिरातीतील छायाचित्रे यांवर न जाता पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला : प्रात्यक्षिके खरोखर होतात काय? सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता ज्याची प्रात्यक्षिकाची वही पूर्ण होते, त्याची फसवणूक झालेली असते. दुसरा : शिक्षक उत्तरपत्रिका तपासून, चूक दाखवून परत देतात काय? नुसता गुण सांगणारा शिक्षक अर्धेच काम करतो. तिसरा : शंका विचारणाऱ्याचा तेथे उपहास होतो की आदर? पुढे रुग्णालयात ‘मला हे समजले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य हवे असते, आणि ते धैर्य वर्गातच घडते. चौथा : मध्यम गुणांच्या मुलांचे काय होते? पहिल्या पाच जणांची नावे फलकावर लावणारे पुष्कळ. पन्नास टक्क्यांच्या मुलाला पासष्टवर नेणारा शिक्षक खरा.

या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात मिळत नाहीत. तेथे आदल्या वर्षी शिकलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना, आणि शक्यतो निरनिराळ्या गुणांच्या विद्यार्थ्यांना, विचारावे. ‘शिक्षक चांगले आहेत का?’ असे विचारल्यास ‘होय’ एवढेच उत्तर येते. ‘तुझी चूक त्यांनी शेवटची कधी दुरुस्त केली?’ असे विचारावे. सोपे गुण देणारा शिक्षक लोकप्रिय असतो, हेही लक्षात असावे. कठोर परंतु न्यायी शिक्षकाचे मोल विद्यार्थ्याला बहुधा उशिरा कळते.

५. परिचर्या महाविद्यालयाची पारख

हीच कसोटी पुढे नर्सिंगच्या संस्थेला लावावी. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. २०२३ मध्ये संसदेने तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा नवा कायदा संमत केला. संस्थेला राज्य परिषदेची व विद्यापीठाची मान्यता आहे काय आणि ती केंद्रीय संस्थेच्या यादीत आहे काय, हे पैसे भरण्यापूर्वी स्वतः पाहावे. मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर शेत गहाण टाकू नये. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळी कामास येत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असे परिषदेचे प्रमाण आहे. कागदावरील शिक्षक प्रत्यक्षात आहेत काय, हे विचारावे. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे काय, तेथे रुग्ण येतात काय, आणि वॉर्डात विद्यार्थिनींसोबत शिक्षिका उभी राहते काय, हे जाऊन पाहावे. विद्यार्थिनीला केवळ मनुष्यबळ म्हणून राबविणारी संस्था आणि तिच्या हाताला धरून शिकविणारी संस्था यांतील फरक तासाभराच्या भेटीत दिसून येतो.

सेवेची इच्छा हे बीज आहे. परंतु नांगरलेल्या जमिनीवाचून बीज रुजत नाही. जी मुलगी आज भौतिकशास्त्राचे एक अवघड उदाहरण तिसऱ्यांदा सोडवीत आहे, ती उद्याच्या एखाद्या अनोळखी रुग्णाची सेवा आजच करीत आहे, असे समजावयास हरकत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या परिसरातील कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयांत जीवशास्त्राची प्रात्यक्षिके नियमित होतात?
२. यंदा दहावीला बसलेल्या किती मुलामुलींना पदवीच्या विषयांची अट ठाऊक आहे?
३. आपल्या मंडळीतील परिचारिका व शिक्षक यांना आठवड्यातून एक तास अशा मुलांना देता येईल काय?