नाक्यावरची विचारपूस

इन्सुली गाव सावंतवाडी तालुक्यात आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरचा इन्सुलीचा तपासणी नाका सर्वांना ठाऊक आहे. नाक्यावर गाडी अडवतात. कोण? कुठले? गाडीत काय? विचारपूस झाली की मगच गाडी पुढे जाते.

संगणकांनाही असा नाका लागतो. तो कसा, ते पाहू.

समजा, सोसायटीच्या कचेरीत चार संगणक आहेत. ते तारांनी जोडले आहेत. या जोडणीला जाळे म्हणतात. जाळ्याच्या तोंडाशी एक पेटी असते. आतला मजकूर बाहेर आणि बाहेरचा आत, योग्य वाटेने धाडणे हे तिचे काम. तिचे नाव राउटर.

आबांनी नातीला विचारले, "मुंबयचो माणूस हयल्या संगणकात येता कसो?"

नात म्हणाली, "फोनच्या तारेवरून, आबा. मोडेम नावाचे यंत्र संगणकाची भाषा आवाजात बदलते. तो आवाज तारेतून येतो. इकडचा मोडेम त्याची पुन्हा संगणकाची भाषा करतो."

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई व इतर मोठ्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा लोक असाच फोन लावीत.

राउटरने बाहेरचा फोन घ्यावा, यासाठी ही कामे करावी लागतात :

१. राउटरला मोडेम जोडा. मोडेमला फोनची तार जोडा. घंटा वाजताच त्याने आपणहून फोन घ्यावा, असे ठरवून द्या.

२. कोणाला आत घ्यायचे, त्यांची यादी करा. प्रत्येकाला वेगळे नाव व वेगळा गुप्त शब्द द्या.

३. आत येणाऱ्या संगणकाला पत्ता लागतो. त्यासाठी काही पत्ते राखून ठेवा.

४. जमल्यास उलट फोनची सोय करा. राउटर नाव ओळखून फोन ठेवतो. मग यादीतल्या नंबरावर स्वतः फोन करतो. चोराला गुप्त शब्द कळला, तरी फोन खऱ्या माणसाकडेच जातो.

५. कोण आले, केव्हा आले, याची नोंद ठेवा.

"आणि गुप्त शब्द दिलोच नाय तर?" आबांनी विचारले.

"मग नाका उघडा आणि शिपाई निजलेला! ज्याला नंबर सापडेल तो आत शिरेल. सोसायटीचे हिशेब वाचील, बदलील, पुसूनही टाकील."

आता ही फोनची रीत मागे पडली. राउटर मात्र घरोघरी आले. पेटीबरोबर आलेला गुप्त शब्द पुष्कळदा इतरांनाही ठाऊक असतो. म्हणून तो पहिल्याच दिवशी बदला. काम सोडून गेलेल्याचे नाव यादीतून काढा.

आबा म्हणाले, "म्हणजे दार करूचा, पण कडी इसरूची नाय!"

उत्तरे सांगा :
१. मोडेम काय काम करतो?
२. उलट फोनचा फायदा कोणता?
३. तुमच्या घरच्या राउटरचा गुप्त शब्द बदलला का?