२६ नोव्हेंबरचा पाठ : शशांक शिंदे आणि आपले लोहमार्ग पोलीस



मागच्या वर्षी २६ नोव्हेंबरला परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचून झाली, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झालं. वर्गात आल्यावर मी विचारलं, "मुंबईवरच्या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस कोण कोण?" करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे ही नावं भराभर आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, माझे पप्पा पण पोलीस आहेत, रेल्वेत." शेजारच्याने लगेच टोला हाणला, "ते खरे पोलीस नसतात रे, तिकीट बघतात!" वर्ग हसला. तो पोरगा मान खाली घालून बसला.

खरं सांगायचं तर त्याच्या बाजूने सांगायला मलाही एक नाव चटकन आठवलं नाही. म्हणून हा पाठ तयार केला. तुमच्या वर्गात जरूर घ्या.

ते नाव आहे शशांक शिंदे. २००८ साली ते सीएसटी लोहमार्ग पोलीस ठाण्याचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक होते. (मुलांना आधी सांगा की सीएसटी म्हणजेच आजचं सीएसएमटी. 'महाराज' हा शब्द २०१७ मध्ये जोडला गेला, नाहीतर जुनी बातमी वाचताना मुलं गोंधळतात.) त्या रात्री दहाच्या सुमारास दोन दहशतवादी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात शिरले आणि गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांवर गोळीबार करू लागले. पन्नासहून अधिक माणसं तिथे गेली. समोर एके ४७ आणि आपल्या पोलिसांच्या हाती लाठ्या, फार तर जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. तरी शिंदे सामोरे गेले आणि स्थानकातच मारले गेले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. अशोकचक्रानंतरचा हा शांतताकाळातला दुसरा मोठा शौर्य पुरस्कार. होमगार्ड मुकेश जाधवही त्याच रात्री शहीद झाले.

रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली, मग चक्क खुर्ची फेकून मारली. ते वाचले. उद्घोषक विष्णू झेंडे तर पोलीसही नव्हते, पण माइक न सोडता प्रवाशांना बाहेर पडायची वाट सांगत राहिले. खुर्चीची गोष्ट मुलांच्या कायम लक्षात राहते, हा माझा अनुभव.

आता 'तिकीट बघतात' या गैरसमजाकडे येऊ. तो मोठ्यांचाही असतो! तिकीट तपासतो तो टीसी. लोहमार्ग पोलीस हे महाराष्ट्र पोलिसांचाच भाग. गाडीत मोबाइल चोरीला गेला, मारामारी झाली, तर गुन्हा नोंदवून तपास तेच करतात. पनवेल स्थानकातही त्यांचं ठाणं आहे. रेल्वे सुरक्षा दल मात्र केंद्राचं, रेल्वे मंत्रालयाखालचं. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षितता ही त्यांची जबाबदारी. आणि एक काम आपण बोलतच नाही. रुळावर कुणी गाडीखाली आलं, की पंचनामा करायचा आणि खिशातल्या चिठ्ठीवरून किंवा मोबाइलवरून घरच्यांना शोधायचं, हेही लोहमार्ग पोलिसांकडेच.

कर्तव्यावरचा मृत्यू दरवेळी गोळीनेच येतो असंही नाही. २०१९ मध्ये दिल्लीत आझादपूरजवळ रेल्वे सुरक्षा दलाचे जवान जगबीर सिंग राणा रुळावरच्या एका कुटुंबाला वाचवताना स्वतः गाडीखाली गेले. करंजाड्यातल्या मुलांना हे जरूर सांगा. इथले कितीतरी पालक रोज पनवेलहून हार्बरची लोकल पकडतात, आणि ती लोकल थेट सीएसएमटीलाच जाऊन थांबते. फळ्यावर पनवेल ते सीएसएमटी अशी रेघ काढून मुलांना मधली स्थानकं लिहायला लावा. शेवटच्या स्थानकावर शिंदे यांचं नाव लिहा. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक वहीत असू द्या.

एक विनंती. हल्ल्याचे फोटो किंवा व्हिडिओ लहान वर्गांना दाखवू नका. चौथीपर्यंत माणसांची गोष्ट पुरे. आठवी-नववीला हत्यारं आणि तयारी कुठे कमी पडली, यावर बोलायला हरकत नाही. २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनालाही हा पाठ घेता येईल. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी हल्ल्यात शहीद झालेल्या दहा पोलिसांच्या आठवणीत तो पाळतात.

पुढच्या शनिवारी त्या मुलाच्या पप्पांना आम्ही वर्गात बोलावलं. रात्रपाळी करून गणवेशातच आले. डोळे लाल. मुलांनी प्रश्नांची सरबत्ती केली. टोला हाणणाऱ्याने विचारलं, "काका, तुम्हाला भीती वाटते का?"

ते हसले. म्हणाले, "वाटते ना. कानात हेडफोन घालून रूळ ओलांडणाऱ्या पोरांची."